जेवतात कोणाच्या हाताने?

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला भेटायला आलेले पाहुणे आधी एकच विचारतात, "चालतात का आता?" घरचे सांगतात, "हो, काठी धरून मोरीपर्यंत जातात." तेवढ्याने दोन्हीकडच्यांना हायसं वाटतं. भिवंडीत व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून घरोघर फिरताना हा संवाद मी सतत ऐकते. त्यापुढचे प्रश्न फारसे कुणी विचारत नाही. जेवतात कोणाच्या हाताने? सदऱ्याची बटणं कोण लावतं? संडासात गेल्यावर स्वतःला धुता येतं का? दिवस कशात घालवतात? माझं सगळं काम या प्रश्नांभोवती आहे. पक्षाघातातून माणूस किती सावरला हे त्यांच्या उत्तरांवरूनच कळतं, असं इतक्या वर्षांनंतर मी ठामपणे म्हणू शकते.

या आजाराला भिवंडीत वस्तीगणिक वेगळं नाव आहे. शांतीनगरात फालिज, पद्मानगरच्या तेलुगू विणकर कुटुंबांत पक्षवातम, खाडीकाठच्या आगरी गावांत वारं. आत घडतं ते सारखंच. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, आणि त्या भागातल्या पेशी मरतात. बहुतेकांत कारण गुठळीचं असतं. ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. माझ्याकडच्या बहुतेक रुग्णांची ती वेळ हुकलेली असते. यंत्रमागावर रात्रपाळीत एखाद्याच्या हातातून कांडी गळून पडते, जीभ जड होते. सोबतचे कामगार थकवा समजून त्याला तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर आडवं करतात. सकाळी पाळी बदलताना लक्षात येतं, की त्याची एक बाजू हलतच नाही. मग धावपळ, सीटी स्कॅन, ठाण्याचं किंवा मुंबईचं रुग्णालय. जीव वाचतो आणि माणूस घरी येतो. सोबत गोळ्यांची चिठ्ठी असते आणि तिच्या शेवटी एक ओळ असते, 'व्यायाम करा.' कोणता, किती, कशासाठी, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नसतं.

फिजिओथेरपिस्ट स्नायूंची ताकद, सांधे, तोल आणि चाल यांवर मेहनत घेतो. त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या माणसाचा दिवस तपासतो. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो काय काय करत होता, त्यातलं आता काय अडतं, आणि कशामुळे अडतं: ताकद नाही म्हणून, स्पर्श कळत नाही म्हणून, एका बाजूचं दिसत नाही म्हणून, की कामाचा क्रमच आठवत नाही म्हणून? एवढं कळल्यावर ते काम हाच उपचार करायचा. घास, बटण, लोटा, लाटणं, सुताची गाठ ही आमची औषधं.

हे शास्त्र आपल्याकडे नवं नाही. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती उभी करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकेच्या, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन हा विषय शिकल्या आणि तो मुंबईत घेऊन आल्या. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता. एवढा जुना वारसा महाराष्ट्राकडे आहे. तरीही परळपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या भिवंडीत, मी दारात उभी राहून कोण आहे ते सांगते तेव्हा बहुतेक घरांत हे नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

परळला जायचं म्हटलं तर काय करावं लागतं? अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला रिक्षाने कल्याण किंवा ठाण्याला न्यायचं, स्टेशनाचा जिना चढवायचा, लोकलमध्ये बसवायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत आणायचं. दर फेरीला घरातल्या एका कमावत्या माणसाची पाळी बुडते. आठवड्यातून दोन-तीनदा हे कोणत्या मजुराच्या घराला परवडणार? म्हणून मी घरी जाऊ लागले. दवाखान्यातल्या गुळगुळीत टेबलावर लाकडी ठोकळे उचलणं आणि दहा बाय बाराच्या खोलीत, ओल्या मोरीत, स्टुलावर बसून अंगावर तांब्या ओतणं यांत फार अंतर असतं. ते अंतर रुग्णाच्या घरीच कापावं लागतं.

खाडीकाठच्या एका गावातल्या आगरी आजींकडे गेले, तेव्हा त्यांची सून रडकुंडीला आली होती. आजींच्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली होती आणि डावी बाजू कमजोर होती. सून म्हणाली, "ताई, यांना सगळं वाढते मी. तरी या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, सून मला चटणी देत नाही, मीठसुद्धा देत नाही." मी आजींपुढे ताट मांडायला सांगितलं. उजवीकडचं कालवण आणि भाजी संपली. भाताचा उजवा अर्धा भाग संपला. डावा अर्धा भात, चटणी, मीठ, लिंबाची फोड सगळं जागच्या जागी राहिलं. आजींचे डोळे चांगले होते. डावीकडे काही आहे याची दखल त्यांचा मेंदू घेत नव्हता. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. आजींना चटणी दिसली आणि त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, आत्ता कशी वाढलीस. सुनेच्या मनावरचं ओझं त्या क्षणी उतरलेलं मी पाहिलं. सासू खोटं बोलत नव्हती आणि सूनही कुठे कमी पडत नव्हती.

त्या दिवशी आम्ही आजींची खाट फिरवली. आधी त्यांची डावी बाजू भिंतीकडे होती. आता दार, टीव्ही आणि येणारी-जाणारी माणसं डावीकडे आली. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. घास घेण्याआधी ती लाल कड शोधायची, असा नियम ठरला. नातवंडांनी डाव्या बाजूने येऊन हाक मारायची, डाव्या हाताला हात लावून बोलायचं. पाहणाऱ्याला वाटेल, यात उपचार कुठे आहे? पण मेंदू ज्या बाजूला विसरला आहे, तिकडे त्याला दिवसातून शंभरदा वळवणं हाच त्यावरचा इलाज आहे, आणि तो घरातल्या माणसांशिवाय होत नाही.

पुढे आजींच्या तांदळाच्या भाकरीवर आलो. उकड मळून भाकरी थापणं हे त्या घरात त्यांचं काम होतं. मी सुनेला उकड गार करून आजींपुढे ठेवायला सांगितलं. "मना नाय जमत गो," म्हणून आजींनी तोंड फिरवलं. मग डावा तळवा पिठावर ठेवला, त्यावर उजवा हात, आणि दोन्ही हातांनी खांद्यापासून दाब देत मळायला लावलं. यात मिटलेला तळवा उघडतो, कोपर सरळ होतं, अंगाचा भार लुळ्या हातावर येतो आणि नजर डावीकडे राहते. दवाखान्यात एवढ्या गोष्टींसाठी मला वेगवेगळी साधनं मांडावी लागली असती. चुलीपाशी मात्र आजींना जाऊ दिलं नाही, कारण त्या हाताला चटका कळत नव्हता. पहिल्या भाकऱ्या वेड्यावाकड्या झाल्या. हळूहळू पीठ मळून, गोळे करून देण्याचं काम आजींकडे परत आलं. भाजायचं काम सुनेचं राहिलं. आजी पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात पुन्हा त्यांच्या वाटचं काम होतं आणि त्यावरून त्या सुनेला चार गोष्टी सुनावू शकत होत्या.

बायकांच्या बाबतीत मला एक गोष्ट जाणवते. पुरुषाला झटका आला की घर विचारतं, कामावर कधी जाईल? बाईला आला की हा प्रश्नच निघत नाही. तिने आयुष्यभर केलेला स्वयंपाक, भांडी, मुलांची वेणीफणी हे काम होतं आणि ते हिरावलं गेल्याने ती आतून मोडली आहे, याची दखल कुणी घेत नाही. तिला सांगितलं जातं, "आता आराम करा, खूप केलंत." हे प्रेमाने सांगितलं जातं, आणि त्यानेच तिचा हात कायमचा मांडीवर पडून राहतो.

उजवी बाजू गेलेल्यांचं दुःख आणखी निराळं. आपल्याकडे, हिंदू घरात काय आणि मुसलमान घरात काय, उजवा हात जेवायचा आणि डावा धुवायचा. उजवा लुळा पडला की डाव्याने जेवायची पाळी येते. डावा लुळा पडला की उजव्याने धुवायची. मी शिकले त्या इंग्रजी पुस्तकांत यावर एक ओळ नव्हती. भिवंडीत पहिल्या भेटीतच हा विषय निघतो, बहुधा दबक्या आवाजात. कितीतरी माणसं यापायी पोटभर जेवत नाहीत किंवा दुसऱ्याकडून स्वच्छ करून घ्यावं लागू नये म्हणून पाणी कमी पितात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग आणि अशक्तपणा मागे लागतो. भिंतीला लावलेला एक जेट स्प्रे, धरायला एक दांडा आणि कमोडची खुर्ची एवढ्याने हा प्रश्न पुष्कळ सुटतो. त्याबद्दल आधी मोकळेपणी बोलावं मात्र लागतं.

शांतीनगरातले एक बुजुर्ग विणकर भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने जेवत. कामगारांच्या ज्या बिशीत, म्हणजे खानावळीत, ते वर्षानुवर्षं जेवले तिथे जाणं त्यांनी सोडून दिलं होतं. मला म्हणाले, "बेटी, हाथ ही तो था मेरे पास." त्यांच्या उजव्या हाताची बोटं मुठीत वळली होती. कुणीतरी दिलेला स्पंजचा चेंडू ते दिवसभर इमानाने दाबत होते. पक्षाघातानंतर बोटं मिटायला बहुतेकांना फारसं शिकावं लागत नाही, अडतं ते उघडण्यापाशी. मिटलेल्या मुठीला आणखी मिटायचा सराव देऊन काही साधत नाही. चेंडू बाजूला ठेवला. तळवा टेकून बसायचं, बोटं एकेक करून मोकळी करायची, रात्री पट्टीवर हात सरळ बांधायचा, असं सुरू केलं. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर बसवलं, म्हणजे तो सैल पकडीतही राहतो. ताट सरकू नये म्हणून खाली ओला पंचा. सुरुवातीला उजव्या हाताने नुसतं ताट धरून ठेवायचं. तेवढंही काम मिळालं की हात कामावर हजर राहतो.

नमाजचं कसं करायचं, हा त्यांचा सर्वांत मोठा प्रश्न होता. खुर्चीवर बसून ते कसं जमवायचं ते आम्ही बसवलं. वुजू मात्र मी त्यांना पूर्ण करायला सांगितली. तिच्यात उजवा हात आधी, कोपरापर्यंत, तीन वेळा धुतात. दिवसातून पाच वेळा त्या लुळ्या हाताकडे बघून, तो उचलून, पाण्याखाली धरून, बोटांच्या फटींतून चोळून धुणं! हाताला स्पर्शाची आठवण करून देणारा याहून चांगला व्यायाम मी कागदावर लिहून देऊ शकले नसते, आणि दिला असता तरी तो इतक्या निष्ठेने झाला नसता.

मग सूत आणलं. ताण्याचा धागा तुटला की विणकर त्याची दोन टोकं चिमटीत धरतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारतो. ती गाठ मला येत नव्हती. त्यांनी ती मला शिकवायची असं ठरलं. आधी जाड दोरी, मग सुतळी, शेवटी मागावरचं सूत. डावा हात गाठ घाली, उजव्याने टोक दाबून धरायचं. पहिल्यांदा ते तळव्याखाली दाबलं जाई, मग अंगठा आणि तर्जनीच्या कडेत, आणि पुष्कळ दिवसांनी चिमटीत. शिकवणारा माणूस आजारी माणसासारखा बसत नाही, हे मला तिथे दिसलं. त्यांची पाठ ताठ झाली होती, आवाज चढला होता. पूर्वीसारखं माग चालवणं त्यांना पुढेही जमलं नाही. धावता धोटा आणि पट्टे यांच्यामध्ये मंद हाताने उभं राहणं धोक्याचंच होतं आणि मी ते तसं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या शेटने तयार तागे तपासायचं काम दिलं. कापडातला दोष त्यांच्या नजरेला पूर्वीइतकाच झटकन दिसत होता. पगार कमी झाला. पण ते पुन्हा बिशीत सगळ्यांबरोबर जेवायला जाऊ लागले.

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरी हात का सुधारतो? इथल्या अंजूरफाट्यावर रस्ता अडला की गाड्या आतल्या गल्ल्यांतून वाट काढतात, आणि रोज गेल्या की तीच वहिवाट होते. मेंदूही शाबूत भागांतून अशा वाटा पाडतो. अट एकच, त्या वाटेने पुनःपुन्हा जावं लागतं. उत्तर अमेरिकेतल्या एका पाहणीत २००९ साली असं दिसलं, की पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचाराच्या एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी फक्त ३२ वेळा होतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा मेंदू बदलायला मात्र शेकडो वेळा तीच हालचाल करून घ्यावी लागते. ही तफावत कोणताही थेरपिस्ट एकट्याने भरून काढू शकत नाही. ती घरातच भरून निघते: शेंगा सोलून, कपड्यांच्या घड्या घालून, मटार निवडून, तोंड धुऊन.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. लुळा हात सुरुवातीला काही करू शकत नाही, म्हणून माणूस सगळं चांगल्या हाताने करू लागतो. पुढे लुळ्या हातात थोडी शक्ती येते, पण तोवर तो न वापरण्याची सवय पक्की झालेली असते. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे ओळखलं आणि चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत बसवली. २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या अशा कसून केलेल्या सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल आहे त्यांनाच ही पद्धत लागू पडते. घरी मी तिचं सौम्य रूप वापरते. रुग्ण बसलेला असताना काही वेळ चांगल्या हातावर मोजा चढवते, चालताना कधीच नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर घरच्यांना सर्वांत अवघड जातं ते थांबणं. बाप सदऱ्याच्या एका बटणाशी झगडतो आहे आणि मुलगा बाजूला उभा आहे, हे त्याला बघवत नाही. तो पुढे होतो आणि भराभर सगळी बटणं लावून देतो. शेजारी म्हणतात, किती सेवा करतो बिचारा. मी त्या मुलाला सांगते, सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर, एवढं बाबांना शिकव आणि मग खुर्ची घेऊन बस. त्यांनी मागितली तरच मदत कर, आणि मागतील तेवढीच. सेवेची आपली कल्पना अशी, की दुसऱ्याला हात हलवू द्यायचा नाही. पक्षाघातात ती कल्पना रुग्णाचा घात करते. वेळ लागू देणं, सांडू देणं, उशीर झाला तरी चिडचिड न करणं, ही इथली खरी सेवा.

काही गोष्टी पहिल्या दिवसापासून टाळायच्या असतात. रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नये. खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा उतरतो आणि तिथे दुखणं बसलं की पुढे तो माणूस हाताला कुणाला शिवू देत नाही. झोपताना त्या हाताखाली उशी हवी. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पातळ पदार्थ देऊ नयेत. कबुतराचं रक्त चोळण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो. त्याने हात सुधारत नाही आणि पहिल्या महिन्यांचे मोलाचे दिवस मात्र जातात. भिवंडी तालुक्यातच वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत. रुग्णाला तिथे न्यायची चाल जुनी आहे. श्रद्धेने जरूर जावं. पण लुळ्या बाजूला पुष्कळदा ऊन-गार कळत नाही, त्यामुळे त्या पायावर फोड येऊनही माणसाला पत्ता लागत नाही. असे भाजलेले पाय मी पाहिले आहेत. पाणी आधी चांगल्या हाताने किंवा दुसऱ्याने तपासावं.

मनाचं दुखणंही याच आजाराचा भाग आहे. पक्षाघातानंतर जवळपास एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं आणि आवरत नाही. घरच्यांना वाटतं, नाटक करतात किंवा खचले. मी घरात सगळ्यांसमोर सांगते, हे मेंदूतल्या इजेमुळे होतं आणि त्यावर औषध आहे. इतकं ऐकूनच रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होतो.

भिवंडीत आणखी एक अडचण आहे. इथले यंत्रमाग उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कामगारांच्या जोरावर चालतात. त्यातल्या एखाद्याला झटका आला की बरोबरचे लोक वर्गणी काढून त्याचं गावाकडचं तिकीट काढतात. इथे बघायला कोणी नसतं, राहायला कारखान्यातलीच जागा असते. मला बोलावतात तेव्हा गाडी दोन-तीन दिवसांवर आलेली असते. एवढ्या वेळात मी सोबत जाणाऱ्या भावाला किंवा पुतण्याला निवडक गोष्टी शिकवते: कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीत कसं आणायचं, हात कसा ठेवायचा, कोणती दोन कामं रोज त्याच्याकडूनच करून घ्यायची. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करून देते. गावात पुढे काय होतं ते पुष्कळदा कळत नाही.

घरच्यांना थोडं शिकवलं की भागलं, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. नातेवाइकांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नेहमीची देखभाल मिळालेल्या रुग्णांपेक्षा या रुग्णांना अधिक फायदा झाला नाही. उलट २००७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर व्यवसायोपचार मिळालेले रुग्ण रोजच्या कामांत अधिक स्वावलंबी राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. माझा अनुभव या दोन्हींशी जुळतो. घरची माणसं लागतातच, पण त्यांच्या पाठीशी नियमितपणे येऊन बघणारा, कामाची पायरी बदलणारा प्रशिक्षित माणूस हवा.

म्हणून माझं सांगणं दोघांना आहे. ज्यांच्या घरी पक्षाघाताचा रुग्ण आहे त्यांनी रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांना सरळ विचारावं: हाताचं काय, गिळण्याचं काय, आंघोळ आणि संडास कसं करायचं, व्यवसायोपचार कुठे मिळेल? पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, ते वाया घालवू नका. वर्ष उलटून गेलं असेल तरी सोडून देऊ नका, कारण सराव केला तर हात त्यानंतरही शिकतो. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र काढून घ्या. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलं आहे.

दुसरं सांगणं सरकारला आणि महापालिकांना. हाच कायदा पुनर्वसनाच्या सेवा उभारण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकतो. झटका आलेल्याचा जीव वाचवण्यावर आपण आता खर्च करू लागलो आहोत आणि ते योग्यच आहे. वाचलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवता यावं, यासाठी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञाचं निदान एक पद मंजूर करा, ते भरा, आणि त्या माणसाला आठवड्यातले काही दिवस रुग्णांच्या घरी जायची मुभा द्या. या विषयाची देशातली पहिली शाळा महाराष्ट्रात निघाली. तिचा लाभ महाराष्ट्रातल्या मजुराच्या खोलीपर्यंत पोहोचलाच पाहिजे.